जहाजावरचा दवाखाना

आरमाराविषयी बोलायचे ठरले की बोलणारा तोफांपासून आरंभ करतो, आणि ऐकणारेही त्याच अपेक्षेने बसलेले असतात. किती तोफा, किती वेग, शत्रूची किती जहाजे तळाला गेली, एवढा हिशेब संपला की व्याख्यान संपते. श्रोतेहो, आज मी तुम्हाला वरच्या डेकवर फार वेळ उभे करणार नाही. आपल्याला शिडी उतरून खाली जायचे आहे. तेथे भर दुपारीही दिवा लागतो, औषधाचा वास येतो, आणि आपली तोफ सुटली की शत्रूची लागली हे नुसत्या हादऱ्यावरून ओळखावे लागते. या खोलीला आपल्या नौदलात ‘सिक-बे’ म्हणतात. खोलीचा धनी म्हणजे जहाजाचा डॉक्टर, आणि डॉक्टर नसेल तेथे त्याचा परिचर.

हे डॉक्टर आणि परिचर म्हातारपणी एकत्र जमतात, जुन्या आठवणी काढतात, कोणी त्या टिपून ठेवतो. दुसरीकडे काही खटपटी लोक जुन्या लढाऊ जहाजांना भंगारवाल्याच्या हातून सोडविण्यासाठी वर्गणी गोळा करीत हिंडत असतात. वरवर पाहता हे दोन निराळे छंद वाटतात. माझ्या मते ते एकच काम आहे, आणि त्यातले एक अंग तुटले की दुसरे पांगळे होते.

प्रथम एक जुने उदाहरण घेऊ. इंग्लंडात पोर्टस्मथच्या गोदीत ‘व्हिक्टरी’ नावाचे लाकडी लढाऊ जहाज १९२२ सालापासून कोरड्यावर उभे आहे. २१ ऑक्टोबर १८०५ रोजी ट्रफाल्गारच्या लढाईत नेल्सन याच जहाजावर पडला. दुपारी सव्वाच्या सुमारास त्याला गोळी लागली. आपला सेनापती पडला हे पाहून खलाशांचा धीर सुटू नये म्हणून त्याने तोंडावर रुमाल टाकून घेतला आणि तशाच स्थितीत त्याला पाण्याच्या रेषेखालच्या मजल्यावर नेले. तेथे विल्यम बीटी हा शल्यवैद्य कंदिलाच्या उजेडात काम करीत होता. गोळी पाठीच्या कण्यात शिरली आहे, आता इलाज नाही, हे वैद्याला कळले आणि रोग्यालाही कळले. माझ्यासाठी वेळ दवडू नका, दुसऱ्यांकडे पाहा, अशा अर्थाचे काही नेल्सन त्याला म्हणाला. साडेचारच्या सुमारास तो गेला. ती गोळी बीटीने पुढे जपून ठेवली. आज ती विंडसरच्या राजवाड्यात आहे.

हे सारे आपल्याला इतके बारकाईने ठाऊक आहे याचे कारण काय? वर डेकवर शेकडो माणसे होती, पण त्यांना खालचे काही दिसत नव्हते. आपल्याला ठाऊक आहे ते मुख्यतः बीटीने लिहून ठेवले म्हणून. त्याचा वृत्तांत १८०७ साली छापला गेला. आज प्रवासी त्या अंधाऱ्या मजल्यावर वाकून उतरतात आणि मार्गदर्शक एका जागेकडे बोट दाखवतो, तेव्हा त्या बोटामागे वैद्याची लेखणी असते. जहाज राहिले नसते तर ते पुस्तक कपाटात धूळ खात पडले असते. पुस्तक नसते तर ती जागा म्हणजे लाकडाची एक काळी तुळई, दुसरे काही नाही.

बीटीच्या हाताखाली दोन मदतनीस वैद्य होते. त्यांची नावे कागदोपत्री आहेत. त्यांच्याही खाली काही पोरे असत. रक्त पुसायचे, तुटलेले अवयव उचलायचे, आजाऱ्याला पेज भरवायची, हे त्यांचे काम. त्या पेजेच्या नावावरूनच इंग्रज खलाशी त्यांना हाक मारीत. पेज्या म्हणा ना! या पेज्यांनी काय पाहिले, हे कोणी विचारले नाही आणि कोणी लिहिलेही नाही. अमेरिकेच्या आरमाराने १८९८ साली परिचरांचे स्वतंत्र दल उभारले. त्यातली माणसे याच पेज्यांची वारसदार. त्यांच्या बाबतीत मात्र विचारणारा भेटला.

आता १९४२ सालात येऊ. अमेरिकेची ‘सीड्रॅगन’ ही पाणबुडी दक्षिण चीनच्या समुद्रात जपानी जहाजांच्या मागावर होती. पाणबुडीवर डॉक्टर नसे. एक परिचर असे आणि एक औषधांचे कपाट. परिचराचे नाव व्हीलर लाइप्स, वय बावीस. सप्टेंबरात डॅरेल रेक्टर नावाच्या एकोणीस वर्षांच्या खलाशाच्या पोटात असह्य कळा सुरू झाल्या. अपेंडिक्स, यात लाइप्सला शंका उरली नाही. सर्वांत जवळचे रुग्णालय कित्येक दिवसांच्या वाटेवर, आणि मधला सगळा समुद्र शत्रूचा. लाइप्स पूर्वी आरमाराच्या रुग्णालयात हृदयाचे आलेख काढण्याच्या कामावर होता. शस्त्रक्रिया त्याने जवळून पाहिल्या होत्या, हातात उपकरणे दिली होती; स्वतः सुरी कधी चालविली नव्हती. कप्तानाने विचारले, करू शकशील का? सगळ्या गोष्टी आपल्याविरुद्ध आहेत हे त्याने लपविले नाही. पण न केल्यास पोरगा मरणार हेही सांगितले. रोग्यालाही त्याने स्पष्ट कल्पना दिली, आणि रोगी हो म्हणाला.

११ सप्टेंबरला पाणबुडी एकशेवीस फूट खोल नेऊन स्थिर केली. अधिकाऱ्यांच्या जेवणाचे मेज एवढेच लांब होते की रोग्याचे डोके एका टोकाला आणि पाय दुसऱ्या टोकाला आले. मग सुरू झाली जमवाजमव. सुरीचे पाते होते, मूठ नव्हती. ते चिमट्यात धरले. जखमेच्या कडा ओढून धरण्यासाठी स्वयंपाकघरातले चमचे वाकवून घेतले. ईथर हुंगविण्यासाठी चहाची गाळणी उपडी करून तिच्यावर जाळीदार कापड बसविले. निर्जंतुक करायला टॉर्पेडोत वापरला जाणारा मद्यार्क. अंगात झगे म्हणून उलटे घातलेले पायजम्याचे सदरे, आणि हातात बोटांना सैल होणारे रबरी मोजे. सल्फाच्या गोळ्या कुटून भुकटी केली. ईथर द्यायला एक अधिकारी, चमचे धरायला दुसरा. त्यांच्यापैकी एकानेही वैद्यकाचे शिक्षण घेतलेले नव्हते. अपेंडिक्स लवकर सापडेना. अडीच तास गेले. शेवटी ते सापडले, सडायला लागलेले. काढले, टाके घातले, आणि ते बाटलीत घालून ठेवले. तेराव्या दिवशी रेक्टर कामावर हजर झाला.

ही हकीगत जॉर्ज वेलर या बातमीदाराने ‘शिकागो डेली न्यूज’मध्ये लिहिली. तिला १९४३ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्याच साली एका चित्रपटातही हा प्रसंग आला. लेखक गाजला, चित्रपट गाजला. लाइप्सच्या वाट्याला मात्र आरमाराच्या वैद्यकीय वरिष्ठांची नाराजी आली. परिचराने पोट फाडायचे म्हणजे काय! त्याच्यावर खटला भरावा अशीही भाषा झाली. मला यात वरिष्ठांची अगदीच चूक दिसत नाही. एक यशस्वी झाला म्हणून प्रत्येक पाणबुडीवरचा बावीस वर्षांचा पोरगा सुरी हाती घेऊ लागला तर काय होईल, ही काळजी खरी होती. तरीपण ज्याने एक जीव वाचविला त्याला शाबासकीचा एक कागद देण्याने ही काळजी वाढली असती, असे वाटत नाही.

तो कागद यायला फेब्रुवारी २००५ उजाडले. लाइप्स पुढे अधिकारी झाला, आरमारातून निवृत्त झाला, रुग्णालयाच्या कारभारात त्याने दुसरी कारकीर्द केली, म्हातारा झाला. आरमाराच्या वैद्यकीय खात्यात यान हर्मन नावाचा इतिहासकार होता. जुन्या डॉक्टरांना, परिचारिकांना, परिचरांना गाठावे, समोर ध्वनिमुद्रण यंत्र ठेवावे आणि त्यांना बोलू द्यावे, असा त्याचा वर्षानुवर्षांचा उद्योग. त्याने लाइप्सला बोलते केले आणि मग पदकासाठी पाठपुरावाही केला. पदक हातात आले तेव्हा लाइप्स चौऱ्याऐंशी वर्षांचा होता. एप्रिलमध्ये तो वारला.

रेक्टर केव्हाच गेला होता. त्याची बदली पुढे ‘टँग’ पाणबुडीवर झाली. २५ ऑक्टोबर १९४४ च्या रात्री ‘टँग’ने सोडलेला एक टॉर्पेडो भरकटून वर्तुळात फिरला आणि तिच्यावरच येऊन आदळला. एकंदर अठ्ठ्याहत्तर माणसे गेली, त्यांत रेक्टर होता. ज्या पोरासाठी चहाची गाळणी आणि चमचे कामी आले, त्याला त्यानंतर दोन वर्षे आणि काही आठवडे मिळाले. ‘सीड्रॅगन’ १९४८ साली मोडीत गेली आणि ते मेज तिच्याबरोबर गेले. म्हणजे इकडे माणूस राहिला, जहाज राहिले नाही.

दुसरीकडे याच्या उलट घडले. ‘सीड्रॅगन’नंतर तीन महिन्यांनी, २२ डिसेंबर १९४२ च्या रात्री, ‘सिल्व्हरसाइड्स’ पाणबुडीवर टॉम मूर या परिचराने जॉर्ज प्लॅटर या खलाशाचे अपेंडिक्स असेच जेवणाच्या मेजावर काढले. काम आटोपून पाणबुडी वर आली, तर समोर शत्रूची विनाशिका! लगेच पुन्हा डुबकी मारावी लागली, आणि पाण्यात फुटणारे बॉम्ब आसपास कोसळू लागले. नुकतेच टाके घातलेल्या रोग्याने ते हादरे कसे सोसले असतील याची कल्पना करावी. ‘सिल्व्हरसाइड्स’ आज मिशिगन सरोवराच्या काठी मस्कीगन या गावी जतन केलेली आहे. आत दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने अंग चोरून उभे राहावे एवढीच वाट. ती जेवणाची खोली पाहिली म्हणजे वेलरने आपल्या बातमीत काहीही फुगवून सांगितले नव्हते हे पटते. लाइप्सची गोष्ट ऐकायची आणि तिची जागा पाहायला दुसऱ्याच पाणबुडीवर जायचे, अशी ही परिस्थिती आहे.

परंतु पाणबुडी म्हणजे एका रोग्याची कथा. हजारोंची कथा ऐकायची तर दुसऱ्या एका जातीच्या जहाजाकडे वळावे लागेल. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने रणगाडे थेट किनाऱ्यावर उतरविणारी जहाजे बांधली, एक हजाराच्या वर. लांबी ३२८ फूट, रुंदी पन्नास, तळ सपाट, आणि नाकाला दाराची दोन कवाडे. कवाडे उघडायची, फळी टाकायची, रणगाडे वाळूवर. सपाट तळामुळे ती लाटांवर अशी डोलत की कसलेल्या खलाशाच्याही पोटात ढवळे. त्यांना नावेही दिलेली नव्हती, नुसते आकडे, कैद्याला असावेत तसे. आद्याक्षरे एल-एस-टी. खलाशी त्यांचा अर्थ लावीत: लांबलचक, सावकाश चालणारे, शत्रूला नेम धरायला सोयीचे.

या बेडौल जहाजांचा दुसरा उपयोग युद्धाच्या बातम्यांत फारसा आला नाही. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर स्वारी झाली. रणगाडे उतरले की जहाजाचे पोट रिकामे, आणि वाळूवर जखमी पडलेले. तेव्हा त्याच पोटात, जेथे तासापूर्वी रणगाड्यांच्या साखळ्या खणखणत होत्या आणि तेलाचा धूर कोंडला होता, तेथे भिंतींना अडकविलेल्या चौकटींवर स्ट्रेचरची एकावर एक उतरंड लागे. डॉक्टर आणि परिचरांची तुकडी आधीच जहाजावर नेमलेली. जहाज परत इंग्लंडला पोचेपर्यंत रक्त देणे, मॉर्फिन देणे, कोणाला आधी घ्यायचे ते ठरविणे, हे सारे डोलत्या जमिनीवर. एल-एस-टी जहाजांनी नॉर्मंडीहून खाडीपार आणलेल्या जखमींचा आकडा ४१,०३५ नोंदला गेला आहे. पंढरीच्या वाटेवर एखाद्या मोठ्या दिंडीतली सगळी माणसे डोळ्यांसमोर आणा, आणि ती सगळी आडवी आहेत असे समजा.

या जहाजांपैकी क्रमांक ३२५ ची गोष्ट मला विशेष सांगायची आहे. हे जहाज १९४२ साली फिलाडेल्फियात पाण्यात उतरले. सिसिली पाहिली, सालेर्नो पाहिले, ७ जूनला नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यावर पोचले, आणि पुढे इंग्लंड-फ्रान्स अशा चाळीसहून अधिक खेपा केल्या. डिसेंबर १९४४ मध्ये एक सैनिकवाहू जहाज बुडत असता त्यावरची सुमारे सातशे माणसे याने उचलली. युद्ध संपले. १९६४ साली ते ग्रीसला दिले गेले, त्याला ग्रीक नाव मिळाले आणि तेथे त्याने १९९९ पर्यंत चाकरी केली. म्हणजे ज्यांनी ते पोरवयात चालविले ते आजोबा झाले, तरी जहाज आपले चालतच होते.

मग त्या आजोबांच्या मनात आले की एक तरी एल-एस-टी घरी आणावे. दुसऱ्या जहाजाने ओढून नव्हे, त्याच्याच इंजिनावर चालवत! २००० सालच्या उन्हाळ्यात ही मंडळी क्रीट बेटावर गेली आणि गंजलेल्या जहाजावर राबू लागली. सगळे जण ३२५ वरचेच होते असे नाही. कोणी दुसऱ्या आकड्याचे, कोणी दुसऱ्या युद्धातले. सरासरी वय बहात्तर. ज्या वयात डॉक्टर जिना चढू नका म्हणतात, त्या वयात ही माणसे दिवसातून वीस वेळा शिडी चढत-उतरत होती. १४ नोव्हेंबरला जहाज निघाले, जिब्राल्टरला थांबले, हिवाळ्यातला अटलांटिक ओलांडला, आणि १० जानेवारी २००१ रोजी अलाबामातल्या मोबील बंदरात शिरले. साडेसहा हजार मैलांची वाट. रॉबर्ट जॉर्नलिन हे त्यांचे कप्तान. पुढे २००५ साली जहाज ओहायो नदीवर एव्हन्सव्हिल या गावी गेले. हे गाव समुद्रापासून शेकडो मैल आत आहे, पण युद्धकाळात तेथल्या कारखान्याने अशी १६७ जहाजे बांधली होती. म्हणजे ते माहेरच.

या प्रवासाला कोणी म्हाताऱ्यांचे वेड म्हणेल. मीही प्रथम तसेच म्हटले होते. पण विचार करा. त्या रिकाम्या पोटात उभे राहून एखादा माणूस सांगतो की इथे, या भिंतीला, खालून तिसऱ्या स्ट्रेचरवर कोणी होता, आणि मी रात्रभर त्याचा हात धरून बसलो होतो. हे वाक्य घरच्या ओसरीवर बोलले तर एक आठवण. तेथे बोलले तर ऐकणाऱ्याचा हात आपोआप त्या थंड लोखंडाकडे जातो. कित्येक परिचरांनी आपल्या बायकामुलांनाही काही सांगितले नव्हते. लढणारा आपण काय केले ते सांगतो; परिचराला मात्र आपल्याकडून काय झाले नाही तेच अधिक आठवते. कोण वाचला नाही, कोणाला मागे ठेवावे लागले. असे बोलायला जागा लागते, आणि शेजारी तसेच सोसलेला सोबती लागतो.

सोबती शत्रुपक्षाचाही असू शकतो. १९८२ च्या फॉकलंड युद्धात रिक जॉली हा ब्रिटिश आरमाराचा शल्यवैद्य होता. मांस गोठविण्याच्या एका बंद पडलेल्या कारखान्यात त्याने रुग्णालय थाटले. इमारतीत न फुटलेले दोन बॉम्ब अडकून होते, तरी काम चालूच. ‘आर्डेंट’ जहाज बुडाले तेव्हा तो स्वतः हेलिकॉप्टरच्या दोरीने बर्फासारख्या पाण्यात उतरला आणि दोघांना काढले. त्याच्यापुढे येणाऱ्या जखमींत ब्रिटिश होते तसे अर्जेंटिनीही होते. त्याने गणवेश पाहून रांग लावली नाही. पुढे १९९७ साली या युद्धातल्या सैनिकांची संघटना उभी करण्यात त्याने पुढाकार घेतला. त्यानंतर त्याने अर्जेंटिनाला एक यादी पाठविली: माझे हे रोगी, यांचे पुढे काय झाले? उत्तर म्हणून अर्जेंटिनाने त्याला बोलावून घेतले, त्या यादीतली अनेक माणसे जिवंत, धडधाकट समोर आणून उभी केली, आणि १९९९ साली त्याचा सन्मान केला. दोन्ही बाजूंनी गौरविलेला त्या युद्धातला तो सैनिक. २०१८ साली तो वारला.

याच युद्धाचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. ४ मे १९८२ रोजी ‘शेफील्ड’ या विनाशिकेवर क्षेपणास्त्र आदळले. वीस माणसे मेली. भाजलेले खलाशी हेलिकॉप्टरने ‘हर्मीस’ या विमानवाहू जहाजावर आणले, आणि तिच्या सिक-बेमध्ये त्यांच्यावर उपचार झाले. हीच ‘हर्मीस’ १९८७ साली आपल्या नौदलात ‘विराट’ झाली. तीस वर्षे तिने आपली सेवा केली. २०१७ साली ती निवृत्त झाली. २०१८ साली महाराष्ट्र सरकारने तिला सिंधुदुर्गात निवतीजवळ संग्रहालय म्हणून उभे करण्याची ८५२ कोटींची योजना मंजूर केली. योजना कागदावर राहिली, आणि २०२० साली ‘विराट’ आपल्या शेवटच्या प्रवासाला अलंगच्या किनाऱ्यावर गेली. ज्या खोलीत ‘शेफील्ड’चे भाजलेले लोक निजले होते आणि नंतर तीस वर्षे आपली पोरे निजली, ती खोली लोखंडाच्या भावाने विकली गेली.

मी कोणाला दोष देत नाही. लोखंडी जहाज जतन करणे म्हणजे पांढरा हत्ती पोसणे. किल्ला पडका झाला तरी उभा राहतो. जहाजाचा तळ पाण्यात असतो आणि पाणी चोवीस तास काम करते. आपल्या आंग्र्यांचे किल्ले आजही आपण पाहतो, पण त्यांचे एकही गलबत आपल्याला पाहायला मिळत नाही, याचे कारण हेच. श्रीमंत इंग्रजांनाही हे जमलेच असे नाही. ट्रफाल्गारला फ्रेंचांच्या बाजूने लढलेले एक जहाज पुढे इंग्रजांच्या हाती येऊन ‘इम्प्लॅकेबल’ नावाने एकोणिसशे एकोणपन्नासपर्यंत टिकले होते. खर्च परवडेना म्हणून त्या सालच्या डिसेंबरात ते भर समुद्रात नेऊन सुरुंगाने बुडविले. नंतर हळहळले, आणि त्या हळहळीतून जहाज-रक्षणाची चळवळ उभी राहिली. त्याच्या शेजारी नांगरून असलेले दुसरे जहाज मात्र वाचले. ते आज हार्टलपूलला आहे. त्याचे नाव ‘ट्रिंकोमाली’, आणि ते मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी मलबारच्या सागवानातून बांधले! १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत ते पाण्यात उतरले. आजही ते तरंगते आहे. आपल्या कारागिरांचे काम पाहायला आपल्याला परदेशी जावे लागते.

‘दिल्ली’ या आपल्या जुन्या युद्धनौकेचेही तसेच. तिचे पूर्वीचे नाव ‘अकिलीस’. १९३९ साली प्लेट नदीच्या मुखाशी ती न्यूझीलंडच्या खलाशांसह जर्मनांशी लढली. १९४८ साली ती आपल्याकडे आली, १९६१ च्या गोवामुक्तीच्या वेळी दीवच्या मोहिमेत होती, आणि १९७८ साली मुंबईत मोडली गेली. तिच्या तोफांचा एक बुरूज आपण न्यूझीलंडला भेट दिला; तो ऑकलंडला नाविक तळाच्या दाराशी उभा आहे. पाहा, उरली ती तोफ. मागे राहायचे म्हटले की तोफच राहते. जहाजाचा दवाखाना कोणी उचलून दाराशी ठेवीत नाही.

‘विक्रांत’विषयी मला स्वतःचाच अपराध सांगायचा आहे. १९६१ साली आपल्या नौदलात आलेली, १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात झुंजलेली, १९९७ साली निवृत्त झालेली ही विमानवाहू नौका पुढे काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. मीही मुलांना घेऊन गेलो होतो. पायांखाली लोखंड तापले होते. विमाने पाहिली, तोफा पाहिल्या, फोटो काढले. हजाराच्या वर माणसे येथे राहात होती, त्यांतले आजारी कोठे निजत, हे विचारण्याचे मला सुचले नाही. २०१४ साली जहाज मोडायला सुरुवात झाली. २०१६ साली त्याच्या पोलादाची मोटारसायकल बाजारात आली आणि मुंबईत एक स्मारकही उभे राहिले. स्मारक चांगले आहे. पण आता विचारायला जहाज नाही.

माणसे मात्र आहेत. रत्नागिरी जिल्ह्यात आरमाराची चाकरी केलेली घरे पुष्कळ. गेल्या पावसाळ्यात असेच एक तात्या भेटले, ऐंशीकडे झुकलेले. ऐन तारुण्यात ‘विक्रांत’च्या सिक-बेमध्ये परिचर. कुलाब्याच्या नौदल रुग्णालयातही त्यांनी काम केले. त्याला देवांच्या वैद्यांवरून ‘अश्विनी’ हे नाव आहे, हे त्यांनीच मला अभिमानाने सांगितले. युद्धाचे विचारले तर म्हणाले, “मास्तर, माझ्या युद्धात भाजलेले हात आणि चेंगरलेली बोटं. विमानं वर उडत होती, मी खाली पट्ट्या बांधत होतो.” १९७१ साली जहाजाच्या एका बॉयलरला तडे होते, तरी ते युद्धावर गेले, हे आपण वाचतो. बॉयलरच्या खोलीतून वर येणाऱ्या पोरांचे उन्हाळ्याने सोललेले अंग कसे असे, हे तात्यांनी सांगितले, आणि तेही मी तीनदा विचारल्यावर.

मी त्यांना म्हटले, तात्या, ती खोली काढून दाखवा. त्यांनी जुन्या दिनदर्शिकेचे पान उलटे केले, नातवाची पेन्सिल घेतली आणि काढू लागले. खाटा कोठे, औषधांचे कपाट कोठे, वादळात बाटल्या पडू नयेत म्हणून लावलेली पट्टी कोठे. हात थरथरत होता, रेघ थरथरत नव्हती. एका ठिकाणी मात्र ते थांबले. दार आत उघडत होते की बाहेर? डोळे मिटून त्यांनी हात पुढे केला, जणू कोणाला उचलून आणताना दार ढकलीत आहेत; मग मागे ओढून पाहिला. पटेना. शेवटी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाले, “कोचीनला आमचा एक नायर आहे, माझ्याबरोबरचा. त्याला उद्या फोन करतो. ऐकू कमी येतं त्याला, पण दार त्याला आठवेल.”